काळजीचे संप्रेरक आणि जाऊबाईंची पांढरी गोळी

वाचकाचे पत्र

माझे वय ५३. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील एका गावी राहते. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. त्यांना कुशीवर वळवणे, भरवणे, स्वच्छता हे सारे माझ्याकडे असून रात्रीही तीन-चार वेळा उठावे लागते. यजमानांची पिठाची गिरणी आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे. गेल्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मला चार वेळा पडसे झाले. पूर्वी वर्षाकाठी एखादे होई. संक्रांतीनंतर महिन्याभराने उसाचा बुडखा लागून पोटरीला जखम झाली, ती भरायला दीड महिना लागला. आता तीन आठवड्यांपूर्वी डाव्या बरगडीखाली नागीण उठली. फोड सुकले, पण आग होते. जाऊबाई म्हणतात, "तू सगळे मनाला लावून घेतेस, म्हणून तुझ्या अंगातली ताकद गेली." चिंतेने रक्तातील पांढऱ्या पेशी खरोखर कमजोर होतात का? तपासणीत तर त्या वाढलेल्या आहेत: एकूण १२,८००, त्यांत न्यूट्रोफिल ८४ टक्के आणि लिंफोसाइट ११ टक्के. कॉर्टिसॉलची तपासणी करावी का? ताकदीचे सलाईन लावून घ्यावे का? नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस जगत नाही म्हणतात, ते खरे का? माझ्यापासून सासूबाईंना काही होईल का? गुडघेदुखीसाठी जाऊबाईंनी मेडिकलमधून आणून दिलेली बारीक पांढरी गोळी मात्र संक्रांतीपासून सकाळ-संध्याकाळ घेते, तिने फार बरे वाटते. तिच्या पाकिटावरचे नाव उतरवून सोबत पाठवते. भूक वाढली आहे, चेहराही भरला आहे, तेव्हा तब्येत तशी वाईट नसावी.

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात ते दोन वर्षांच्या शुश्रूषेने थकलेल्या एका गृहिणीचे पत्र वाटले, आणि तसे ते आहेही. दुसऱ्या वाचनात मात्र मी आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिलेल्या ओळींपाशी अडखळलो. पाकिटावरून आपण उतरवलेले नाव डेक्सामेथासोन, ०.५ मिलिग्रॅम, असे आहे. हे स्टेरॉइड आहे, म्हणजे सूज आणि दुखणे दाबणारे जहाल औषध. तेव्हा पुढचे सारे वाचण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की ही गोळी आज रागाच्या भरात एकदम बंद करावयाची नाही, आणि हे पाकीट घेऊन याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावयाचे आहे. दोन्हींचे कारण खाली येईलच.

आता जाऊबाईंच्या बोलण्याविषयी. त्यातला अर्धा भाग शास्त्राला धरून आहे आणि उरलेला अर्धा अन्यायाचा आहे. दीर्घकाळच्या ताणाचा रोगप्रतिकारक पेशींवर परिणाम होतो, हे खरे. तो "मनाला लावून घेतल्यामुळे" होतो, हे म्हणणे मात्र मला मान्य नाही. कारण रात्री दोन वाजता उठून आजारी माणसाला कुशीवर वळवणाऱ्या बाईने ते मनाला लावून घेतले काय आणि न घेतले काय, तिच्या शरीराला झोपेचा हिशेब द्यावाच लागतो.

हा हिशेब शरीर दोन प्रकारच्या संप्रेरकांच्या मार्फत ठेवते. संप्रेरक म्हणजे ग्रंथींनी रक्तात सोडलेले रासायनिक निरोप. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते, तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. तिच्या गाभ्यातून ॲड्रेनॅलिन येते आणि सालीतून कॉर्टिसॉल. ॲड्रेनॅलिन काही क्षणांत सुटते; अंधारात पायाखाली काही सळसळले की छातीत जे धडधडते ते त्याचेच काम. कॉर्टिसॉल मात्र वरून हुकूम आल्याशिवाय सुटत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला कळवतो, पिट्युटरी अधिवृक्क ग्रंथीला कळवते, आणि मग मिनिटा-मिनिटाने रक्तातील कॉर्टिसॉल चढू लागते. ते पुरेसे झाले की तेच मेंदूला "आता पुरे" असे सांगते. हा परतीचा निरोप लक्षात ठेवावा, कारण आपल्या गोळीची सारी कथा त्यावर उभी आहे.

ताण आणि पांढऱ्या पेशी यांचा संबंध प्रथम डोळ्यांना दिसला तो उंदरांत. १९३६ साली माँट्रियल येथील हान्स सेल्ये यांनी 'नेचर' या नियतकालिकात जेमतेम एका पानाचे टिपण प्रसिद्ध केले. थंडी, जखम, अतिश्रम, विषारी द्रव्य यांपैकी काहीही दिले तरी उंदरांच्या शरीरात तेच तीन बदल होतात, असे त्यांत होते: अधिवृक्क ग्रंथी मोठी होते, जठरात व्रण पडतात आणि छातीच्या हाडामागची थायमस ही ग्रंथी आक्रसते. थायमस नेमकी कशासाठी असते हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. टी पेशी नावाच्या लढाऊ पांढऱ्या पेशी (लिंफोसाइटचाच एक प्रकार) तेथे तयार होऊन शिकून बाहेर पडतात, आणि त्यांच्या नावातला 'टी' थायमसवरूनच आला, हे पुढे पाव शतकाने उमगले. त्या उंदरांत जे घडले होते ते कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकाने केले होते. कोवळ्या टी पेशी त्याच्या माऱ्यापुढे मरतात.

यावरून ताण म्हणजे केवळ नाश असे समजू नये. अल्पकाळचा ताण पेशींना उलट कामाला लावतो. गणपती विसर्जनाच्या रात्री बेळगावात कपिलेश्वर तलावाच्या वाटेवर जागोजागी पोलीस दिसतात; त्या दिवशी पोलीस वाढलेले नसतात, ठाण्यांतले रस्त्यावर आलेले असतात. ॲड्रेनॅलिन सुटले की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या, जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी आणि प्लीहेतील, विषाणूने बाधलेल्या पेशींना मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी अशाच रक्तात उतरतात. काही वेळाने कॉर्टिसॉल चढते, आणि लिंफोसाइट पेशी रक्तातून निघून अस्थिमज्जेकडे, त्वचेकडे आणि लसिका गाठींकडे जातात, म्हणजे जेथे दुखापत किंवा जंतू येण्याचा संभव अधिक तेथे. रक्ताच्या नळीत सापडतो तो फक्त त्या क्षणी रस्त्यावर असलेला बंदोबस्त. आपल्या अहवालातील १२,८०० या आकड्याचा अर्थ "पेशी वाढल्या, म्हणजे ताकद वाढली" असा नाही, आणि निव्वळ त्यावरून "जंतुसंसर्ग आहे" असाही नाही. न्यूट्रोफिल चढलेले आणि लिंफोसाइट उतरलेले, ही जोडी रक्तात कॉर्टिसॉल किंवा त्याचा भाऊबंद जास्त असल्याची जुनी खूण आहे. तो कोठून आला, हे पुढे पाहू.

बंदोबस्त एका रात्रीचा असतो तोवर ठीक. तोच दोन वर्षे चालला की काय होते, याचा अभ्यास आपल्यासारख्याच स्त्रियांवर झालेला आहे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो येथे जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या, त्यांच्याच वयाच्या १३ स्त्रिया निवडल्या. प्रत्येकीच्या हातावर साडेतीन मिलिमीटर रुंदीची सारखीच लहानशी जखम केली आणि ती भरण्याचे दिवस मोजले. शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी ४८.७ दिवस लागले, इतरांना ३९.३. नऊ दिवसांचा फरक, आणि तोही मसुराच्या दाण्याहून लहान जखमेला. पुढच्याच वर्षी त्याच गटाने जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांना फ्लूची लस दिली, तेव्हा त्यांच्या रक्तात प्रतिपिंडेही इतरांपेक्षा कमी तयार झाली.

पडशाचेही तसेच. शेल्डन कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ३९४ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब घातले गेले. विषाणू सर्वांना दिला, तरी सर्दी सर्वांना झाली नाही. सर्वांत कमी ताण असलेल्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांना आणि सर्वांत जास्त ताण असलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना ती झाली. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहावे. ताणाने धोका वाढला हे उघड आहे; पण सर्वांत जास्त ताणातही निम्म्याहून अधिक लोकांच्या पेशींनी विषाणूला आवरलेच. "चिंता केलीस म्हणून आजारी पडलीस" असे एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवून म्हणण्याइतका हा पुरावा ठाम नाही.

पेशीच्या आत काय घडते, तेही थोडक्यात सांगतो, कारण आपण "कमजोर होतात का" असे नेमके विचारले आहे. कॉर्टिसॉल तेलात विरघळणाऱ्या जातीचे असल्याने पेशीच्या आवरणातून सहज आत शिरते, आत असलेल्या ग्राहक प्रथिनाला चिकटते आणि त्याच्यासह केंद्रकात जाऊन जनुकांचे काही दिवे मालवते. जे दिवे मालवले जातात त्यांत सूज, ताप आणि लढाई भडकवणाऱ्या रासायनिक निरोपांचे दिवे मुख्य असतात. हे निरोप कमी झाले की टी पेशींची संख्या वाढत नाही, भक्षक पेशी जखमेकडे वेळेवर धावत नाहीत आणि नैसर्गिक मारक पेशींची धार बोथट होते. एरवी हा शहाणपणाचाच बंदोबस्त आहे. लढाई वेळेत थांबली नाही तर शरीर स्वतःलाच जाळील.

परंतु ताण महिनोन्‌महिने टिकला की एक उलटी गोष्टही घडते. घरात एखादा माणूस दिवसभर ओरडत राहिला, तर काही दिवसांनी त्याच्या ओरडण्याकडे कुणी लक्ष देत नाही. पांढऱ्या पेशीही अशाच कॉर्टिसॉलचे ऐकेनाशा होतात. मग सूज थांबवण्याचा हुकूम सुटतो, पण पाळला जात नाही. कोहेन यांच्याच गटाने २०१२ साली दाखवले, की ज्यांच्या पेशी कॉर्टिसॉलला अशा बधिर झाल्या होत्या त्यांना नाकातील विषाणूने सर्दी होण्याचा संभव अधिक होता. वाहणारे नाक आणि सुजलेला घसा हे बहुतांशी विषाणूने केलेले नुकसान नसतेच. ती आपल्याच पेशींच्या दाहाची धामधूम असते. त्यामुळे दीर्घ ताणात विषाणूशी लढणारे बळ कमी आणि सूज मात्र जास्त, असा दुहेरी तोटा होतो. "प्रतिकारशक्ती वाढवा" असे सांगणाऱ्या जाहिराती वाचताना मला म्हणूनच हसू येते. नेमकी काय वाढवायची, हे त्यांनी कधी सांगितलेले नाही.

आपल्या दिवाळीपूर्वीच्या चार पडशांचा संबंध मी या साऱ्याशी, आणि त्याहूनही अधिक तुटलेल्या झोपेशी, जोडीन. २०१५ सालच्या एका प्रयोगात १६४ स्वयंसेवकांच्या मनगटावर यंत्र बांधून आठवडाभर झोप मोजली आणि मग नाकात विषाणू घातला. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याचा संभव सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपटीहून जास्त निघाला. आपली झोप बेरजेने किती तास होते, हे आपण लिहिलेले नाही; तीन-चार वेळा उठणाऱ्या माणसाची ती सहा तास भरत असेल, असे मला वाटत नाही.

येथवर जाऊबाईंचे म्हणणे निदान अर्धे तरी टिकते. संक्रांतीनंतर मात्र कथेत दुसरे पात्र येते.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने आखडून गेलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिसोन हे अधिवृक्क ग्रंथीच्या सालीतले द्रव्य टोचले, आणि काही दिवसांतच ती चालू लागली. दोनच वर्षांत, १९५० साली, हेंच यांना केंडाल आणि राइखश्टाइन यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या गुडघ्यांना जी जादू वाटली ती हीच. डेक्सामेथासोन हे कॉर्टिसॉलच्याच घराण्यातले, प्रयोगशाळेत घडवलेले आणि कितीतरी पटींनी जहाल औषध आहे. त्याचे पाऊण मिलिग्रॅम म्हणजे साधारण २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल. निरोगी शरीर दिवसभरात मिळून साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार करते. आपण दिवसाला एक मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घेत आहात, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या साऱ्या दिवसाच्या कमाईपेक्षाही अधिक, आणि तेही चार महिने, रोज, न चुकता. आपल्या सासूबाईंच्या काळजीने अधिवृक्क ग्रंथीतून जे सुटले असेल त्याच्यापुढे ही गोळी म्हणजे पावसाच्या सरीपुढे फुटलेला तलावाचा बांध आहे.

आता आपल्या तक्रारी पुन्हा एकदा लावून पाहा. लांबलेली जखम, चढलेले न्यूट्रोफिल, उतरलेले लिंफोसाइट, वाढलेली भूक, भरलेला चेहरा. चेहरा भरणे हे सुधारलेल्या तब्येतीचे लक्षण नव्हे, ताई. स्टेरॉइडने गालांवर आणि मानेमागे चरबी साठते, हातपाय मात्र बारीक होत जातात. अशा गोळीने रक्तातील साखरही चढते, आणि साखर चढली की न्यूट्रोफिल पेशी आणखी सुस्त होतात व जखम आणखी लांबते. म्हणून उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आणि रक्तदाब, या तीन गोष्टी लगेच पाहून घ्याव्यात. आपल्या वयाला आणि जखमेच्या या इतिहासाला त्या एरवीही सांगितल्याच असत्या.

मग ती बंद का करावयाची नाही? वर ज्या परतीच्या निरोपाविषयी लिहिले तो आठवावा. बाहेरून इतका पुरवठा चालू असल्यावर मेंदू "आता पुरे" असे समजून अधिवृक्क ग्रंथीला हुकूमच देत नाही, आणि काम नसलेली ग्रंथी झोपी जाते. काही आठवड्यांहून अधिक काळ स्टेरॉइड घेतलेल्या माणसाने ते एका दिवसात सोडले, तर ही झोपलेली ग्रंथी वेळेवर जागी होत नाही. भयंकर थकवा, चक्कर, उलट्या, रक्तदाब एकाएकी घसरणे असे प्रकार होतात, आणि त्यात ताप किंवा शस्त्रक्रिया आली तर जिवावर बेतते. डॉक्टर गोळीची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतील, कदाचित मध्ये सौम्य स्टेरॉइडवर आणतील, आणि सकाळच्या कॉर्टिसॉलवरून ग्रंथी जागी झाली की नाही हे पाहतील. दरम्यान कोणत्याही दवाखान्यात जाल तेथे "मी चार महिने स्टेरॉइड घेत होते" हे पहिले वाक्य असू द्यावे. अशी गोळी चालू असताना तापही नीट चढत नाही, त्यामुळे बारीकसा ताप, खोकला किंवा लघवीची जळजळही अंगावर काढू नये. गुडघ्यांसाठी सध्या डॉक्टरांच्या सांगण्याने पॅरासिटामॉल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांवर भागवावे. दुसरी वेदनाशामके स्टेरॉइडबरोबर घेतली तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो.

संकेश्वर असो, चिकोडी असो की खानापूर, ही बारीक पांढरी गोळी सांधेदुखीला, दम्याला, अगदी वजन वाढवायलाही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हातोहात दिली जाते, हे मी अनेक वर्षे पाहत आलो आहे आणि दरवेळी संताप येतो. औषध मुळात वाईट नाही. २०२० साली याच डेक्सामेथासोनने, दिवसाला सहा मिलिग्रॅम या मात्रेत आणि जास्तीत जास्त दहा दिवस, कृत्रिम श्वासावर असलेल्या कोरोनाच्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. ज्यांना प्राणवायूची गरजच नव्हती त्यांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही. आणि २०२१ च्या उन्हाळ्यात अनियंत्रित मधुमेह आणि वारेमाप स्टेरॉइड यांच्या जोडीने काळ्या बुरशीने काय केले, ते आपण सर्वांनी पाहिले. मेडिकलच्या काउंटरवर मिळालेल्या चिमूटभर गोळ्यांना "दुखण्याची गोळी" एवढेच नाव असते, ही खरी अडचण.

प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांशी कन्नडात बोलावे लागेल या संकोचाने आपल्या भागातील अनेक स्त्रिया आधी मेडिकलकडे वळतात, हेही मला ठाऊक आहे. पाकीट पुढे ठेवा. त्याला भाषा लागत नाही. एका कागदावर गोळी सुरू केल्याची तिथी आणि दिवसातून किती वेळा घेता एवढे लिहून न्यावे म्हणजे झाले.

आता नागीण. मराठीत नागीण, कन्नडात सर्पसुत्तु. दोन्ही भाषांना त्या पट्ट्यात सापच दिसला, त्यामुळे विळख्याची भीतीही दोन्हीकडे सारखीच. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीरातून कधीच जात नाही. तो कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या मुळांत दडून राहतो. त्याला तेथे दाबून धरण्याचे काम प्रतिपिंडांचे नसून मुख्यतः टी पेशींचे आहे. वयाच्या पन्नाशीनंतर त्या आपोआप विरळ होतात, आणि स्टेरॉइडने त्यांना आणखी खाली ढकलले जाते. ताणानेही ही पकड ढिली होते याचा एक सुरेख पुरावा अंतराळवीरांचा आहे: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ निरोगी अंतराळवीरांची लाळ तपासली, तेव्हा उड्डाणाच्या काळात आणि नंतर तिच्यात हा विषाणू जागा झाल्याच्या खुणा मिळाल्या, अंगावर मात्र एकही फोड नव्हता. म्हणजे केवळ ताणाने विषाणू कूस बदलतो, पण तेवढ्याने नागीण उठतेच असे नाही, आणि ताण व प्रत्यक्ष नागीण यांचा संबंध शोधणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. आपल्या बाबतीत मी वयाला आणि गोळीला मोठा वाटा देईन, सासूबाईंच्या आजारपणाला लहान.

तोंड आणि शेपूट जुळण्याची भीती सोडून द्यावी. कण्याच्या प्रत्येक बाजूला वेगळा मज्जातंतू निघतो आणि तो छातीच्या किंवा पोटाच्या मध्यरेषेपाशी संपतो. विषाणू ज्या मज्जातंतूत जागा झाला त्याच्याच वाटेने फोड येतात, म्हणून नागीण कमरेच्या एका बाजूला अर्धा विळखा घालून थांबते. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णांत फोड दूरवर, अंगभर पसरू शकतात, आणि तसे झाले तर ते काम इस्पितळाचे असते. काव किंवा गेरू लावल्याने विषाणूला काही होत नाही, फक्त फोडांत घाण जाते. विषाणूविरोधी गोळ्या फोड उठल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर उपयोग अधिक होतो. तो काळ आपला निघून गेला. आग तीन महिन्यांहून अधिक टिकली तर तिला मज्जातंतूचे वेगळे दुखणे समजून उपचार करतात, पण तोवर सोसत बसण्याचे कारण नाही, आताच डॉक्टरांना सांगावे. तिच्यासाठी वेगळी औषधे आहेत आणि त्यांत स्टेरॉइड नाही. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस २०२३ पासून भारतात मिळते, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन मात्रा. ती महाग आहे. आपले दुखणे पुरते शमल्यावर आणि गोळी उतरल्यावर तिचा विचार करावा, आणि परवडत असेल तर जाऊबाईंनाही सांगावे.

कॉर्टिसॉलच्या तपासणीवर स्वतःहून पैसे घालवू नयेत. ते सकाळी उठण्याच्या सुमारास सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, त्यामुळे दुपारी केव्हातरी घेतलेल्या एका थेंबावरून ताण मोजता येत नाही. शिवाय आपल्या बाबतीत गंमत अशी, की डेक्सामेथासोन त्या तपासणीत बहुधा दिसतच नाही आणि झोपलेल्या ग्रंथीमुळे आकडा अगदी कमी येईल. कुणी तो पाहून "तुम्हाला तर काही ताणच नाही" असेही सांगेल! ताकदीच्या सलाईनचा हिशेबही सांगून टाकतो: अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते. तेवढी बेळगावच्या कुंदा मिठाईच्या लहानशा वाटीत मिळते, आणि साखर तपासून होईपर्यंत आपण कुंदाही जरा दूरच ठेवावा.

राहिला ताण. "काळजी करू नका" असे मी लिहिणार नाही, ते लिहून कुणाचे कॉर्टिसॉल उतरल्याचे माझ्या पाहण्यात नाही. रात्र वाटून घेतली तर मात्र उतरते. गिरणी दिवसा चालते. यजमानांनी आठवड्यातल्या तीन रात्री आईजवळ झोपावे, आणि त्या रात्री आपण दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपावे. कुशीवर वळवायला शिकवण्यास अर्धा तास पुरतो. हवेची गादी घेतली तर पाठीवरचा दाब कमी होतो. ती आली तरी वळवणे बंद होत नाही, पण दोन वेळांमधले अंतर थोडे वाढवता येईल का, हे सासूबाईंची त्वचा पाहून डॉक्टर किंवा परिचारिका सांगतील. मुलाने पुण्याहून पैसे पाठवण्याऐवजी किंवा पाठवून शिवाय महिन्यातून दोन रात्री येऊन आजीजवळ बसावे, असे त्याला माझे नाव सांगून कळवा. जाऊबाईंनी गोळी आणून दिली ती मायेने दिली, यात मला शंका नाही. तीच माया त्यांनी आठवड्यातून एक दुपार सासूबाईंजवळ बसून दाखवावी. आणि मन अगदीच भरून आले, रडू आवरेना, काही नकोसे वाटू लागले, तर केंद्र सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि त्यावर भाषा निवडता येते.

शेवटी सासूबाईंचा प्रश्न. नागीण एकाची दुसऱ्याला नागीण म्हणून लागत नाही. ओल्या फोडांतील पाण्याच्या संपर्काने कांजिण्या होऊ शकतात, त्याही ज्याला पूर्वी कांजिण्या आलेल्या नाहीत आणि लसही घेतलेली नाही अशालाच. आपले फोड सुकून खपल्या धरल्या आहेत, म्हणजे तो काळ संपला. घरात किंवा शेजारी कुणी गरोदर असेल आणि तिला कांजिण्या आलेल्या नसतील, आणि फोड ओले असताना ती आपल्या जवळ आली असेल, तर मात्र तिला तिच्या डॉक्टरांना तसे सांगावयास सांगा. सासूबाईंना आपण नेहमीप्रमाणे भरवू शकता.